रविवारचा उपास

सोलापूर, श्रावण शुद्ध ११, शके १८५५

चि. यज्ञेश्वर यास यशोदाआक्काचा आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचं आहे. तेव्हा सोवळ्यात असशील तर बाजूला ठेव, आणि वाचून झाल्यावर हवी तर आंघोळ कर. मी नर्सचं शिकायला पुण्याला गेले त्या दिवशी तू माझ्या नावानं आंघोळ केलीच होतीस, आणखी एकीनं काही बिघडत नाही. इतक्या वर्षांत मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आत्ताही लिहिल्या नसत्या. तू तिकडे माढ्याला देवीच्या पूजेत आणि तुझा मुलगा इथं पाठशाळेत, त्याच्यासाठी लिहिते आहे.

नंदू काल संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला होता. दचकू नकोस, आत आला नाही. आत्याच्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घालायचं नाही अशी शपथ तू त्याला देवीच्या समईवर हात ठेवून घ्यायला लावलीस, आणि पोरगा ती इतकी पाळतो की मी पंख्यानं वारा घातला तरी त्याला कोडं पडतं, हे चालतं की नाही. पाठशाळा सुटली की येतो, पायरीवर बसतो, त्या दिवशी पाठ झालेलं म्हणून दाखवतो, दिवेलागणीला उठून जातो. मला तेवढं पुरतं.

काल जरा उशीर झाला. उठला, आणि समोर ठेवलेल्या घागरीवर जाऊन आपटला. घागर पितळेची, चांगली मोठी, रोज तिथंच असते. मी ओरडले, "डोळे कुठं होते रे तुझे?"

तर पाणी झटकत म्हणतो कसा, "आत्या, दिवस मावळला की मला असंच होतं की. सगळं काळं. पाठशाळेत मी भिंत धरून जातो. लई दिवस झाले."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"शास्त्रीबुवांना सांगितलं. ते म्हणाले, रात्री हिंडायचं कारणच काय."

आज सकाळी त्याला उन्हात उभा केला आणि दवाखान्यात रोज बायकामुलांना बघते तसा बघितला. पापणी खाली ओढली, आत रक्त नाही. जीभ लाल आणि गुळगुळीत. तोंडाचे दोन्ही कोपरे चिरलेले. कोपरांवरची कातडी किसणीसारखी हाताला लागते. आणि डोळ्याच्या पांढऱ्यावर, बुबुळाच्या कडेला, साबणाचा फेस वाळून बसावा तसा ठिपका आहे. दोन्ही डोळ्यांत. मुलगा हाडकुळा नाही, गालसुद्धा वर आहेत. कुणी बघितलं तर म्हणेल, बरा आहे की. यज्ञेश्वर, तो बरा नाही. याला रातांधळेपणा म्हणतात. पोट गच्च असतं आणि अंग उपाशी असतं, तेव्हा तो येतो. अन्नात पोट भरणारा भाग असतो आणि डोळे, कातडी, रक्त राखणारा भाग असतो. आमच्या डॉक्टरीणबाई त्याला व्हिटामिन म्हणतात, मासिकांत जीवनसत्त्व लिहितात. तू काहीही म्हण. तो पाल्यात असतो, दुधालोण्यात असतो आणि तुझ्या मुलाच्या ताटात नसतो.

मी त्याला विचारलं, जेवतोस काय? तू त्याला सात घरी वार लावून दिलेस, त्याचा तुला अभिमान आहे. आता ऐक. सोमवारी वकिलांकडे सोमवार धरतात, म्हणून साबुदाण्याची खिचडी. मंगळवारी गणपतीचा उपास, पुन्हा खिचडी. गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती. तुझ्या यजमानांनी आपापल्या उपासाचा दिवस निवडून तुझ्या मुलाला दिला आहे. ब्राह्मणाचा मुलगा जेवल्याचं पुण्य मिळतं आणि त्याच्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. बुधवारचे कारकून उपास करत नाहीत, पण गिरणीत सडून पांढराफेक केलेला तांदूळ आणि ताकाचं पाणी यापलीकडे वाराच्या मुलाला काही वाढत नाहीत. एकट्या रविवारी, त्या पेन्शनर चिंतामणीमास्तरांकडे, तो ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, दही असं माणसासारखं जेवतो. रविवारच्या जोरावर तो उभा आहे.

त्यात तू श्रावणाचं शाकव्रत लावून दिलंस. मास्तरांकडची पालेभाजीही त्यानं सोडली. तांदुळजा, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला दारोदार विकायला येतो, तो वर्ज्य. आणि समुद्रापलीकडून, कुणाच्या कुणाच्या हातांतून बोटीनं आलेला साबुदाणा तेवढा सोवळा. मला याची शिसारी येते.

मी फार मागत नाही. शाकव्रत सोड म्हणून त्याला दोन ओळी लिही, आणि रोज एक वेळ माझ्याकडे जेवायची मोकळीक दे. माझ्या हातचं नको असेल तर मी स्वयंपाकाला ब्राह्मणीण ठेवते. तुझ्या शब्दाशिवाय तो घास घेणार नाही. डोळ्यांचा प्रश्न आहे.

यशोदाआक्का


सोलापूर, श्रावण वद्य ८

चि. यज्ञेश्वर यास,

तुझं कार्ड मिळालं. बायकांनी शास्त्रात नाक खुपसू नये आणि उष्णतेनं पोराचे डोळे आले असतील, हे कळलं. डोळे आलेले नाहीत, डोळे जायला लागले आहेत. दोन्हींतला फरक मला कळतो, त्याचाच मला पगार मिळतो.

तू हलणार नाहीस म्हणून मीच हिंडले. तुझ्या यजमानांच्या पायऱ्या चढले. बहुतेकांनी मला अंगणातच उभं केलं. आणि प्रत्येकानं, शब्दाला शब्द जुळावा तसं, एकच उत्तर दिलं.

वकिलांच्या प्रभाताई म्हणाल्या, "अहो नर्सबाई, आमच्याकडे एकच तर वार. बाकीचे दिवस खातोच की तो."

गुरुवारच्या हेडमास्तरांनी मला मिताहारावर व्याख्यान दिलं. ते चालू असताना आतून तुपात तळलेल्या बटाट्याचा वास येत होता. उपास त्यांचाही होता. त्यांच्या उपासाला केळी, खजूर, आटीव दूध, आणि वाराच्या मुलाच्या उपासाला पातेल्याच्या बुडाची खिचडी. शेवटी म्हणाले, "बाई, आमचा एक गुरुवार. सहा घरं आहेत ना अजून?"

शुक्रवारच्या घरी मी जेवणाच्या वेळेलाच गेले. नंदू पडवीत बसला होता. सकाळी केलेला साबुदाणा गारढोण होऊन त्याचा गोळा झालेला, त्यावर माशी. बाईंनी ती बोटानं उडवली, त्याच बोटानं गोळा पत्रावळीवर ढकलला आणि त्याच हाताच्या तर्जनीनं मला सांगितलं, "लांब उभ्या राहा हं, मी सोवळ्यात आहे." मी दवाखान्यात पू बघते, जखमांतल्या अळ्या काढते, दुसऱ्याच्या ओकाऱ्या धुते. कधी जेवण टळलं नाही माझं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सगळ्यांना वाटतं, दूधभाजी दुसरं कुणीतरी वाढत असेल. सगळ्यांना तसं वाटत असल्यामुळे कुणीच वाढत नाही, आणि सगळ्यांच्या पदरात पुण्य मात्र सारखं पडतं आहे. माझं देवाशी भांडण नाही. तो बिचारा कुणाच्या पत्रावळीवर माशी बसवायला येत नाही.

एक चांगलं झालं तेही लिहिते. प्रभाताईंना मी उन्हात नंदूचा डोळा दाखवला. बाई बघत राहिल्या. दारात दोन म्हशी आहेत त्यांच्या. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी येऊन पेलाभर दूध पिऊन जा रे. वाराचं नाही हं हे, माझं आहे." आज चार दिवस तो दूध पितो आहे. बाई तशी वाईट नाही. कुणी बोट धरून दाखवलं म्हणजे तिला दिसतं.

दूध पुरणार नाही. पाला हवा. श्रावण संपतोच आहे, तेव्हा भाद्रपदात तरी त्याला मोकळा खाऊ दे. एवढंच लिही त्याला.

यशोदाआक्का


सोलापूर, भाद्रपद वद्य ६

यज्ञेश्वर,

चिरंजीव लिहायला हात होत नाही आज.

गौरी आल्या तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो. घरोघर गौरीला शेपूची भाजी आणि भाकरी नैवेद्याला. देवीला पालेभाजी चालते म्हणजे पुजाऱ्याच्या मुलाला चालायला हरकत नव्हती. नंदू चिंतामणीमास्तरांकडे गौरीचं जेवला. दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. "आत्या, कडू लागतो का गं शेपू? मला गोड लागला." दूध चालूच होतं. कोपरं जरा मऊ झाली होती. एका संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाला, "आत्या, तुझ्या कंदिलाची वात दिसते." मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून रडले.

आणि मग तुझं पत्र आलं. मला नव्हे, त्याला. ते त्यानं मला वाचायला आणून दिलं, कारण दिवेलागण झाली होती.

तू लिहिलंस, डोळ्यांचा स्वामी सूर्य. सूर्याचा वार रविवार. तेव्हा नंदूने डोळ्यांसाठी दर रविवारी आदित्याचा अळणी उपास धरावा, दिवसभर काही खाऊ नये, मावळतीपूर्वी अळणी भात एक वेळ घ्यावा. आणि श्रावणातलं शाकव्रत दृष्टी सुधारेपर्यंत, निदान कार्तिकापर्यंत, चालू ठेवावं. वर तीर्थाची कुपी, अंगाऱ्याची पुडी, आणि तुपाच्या दिव्याचं काजळ.

अरे, एक रविवार होता त्याला! आठवड्यात एक दिवस पोर जेवत होतं, तो तू औषध म्हणून काढून घेतलास. तुझा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. तू रात्रभर पंचांग आणि पोथ्या उलटल्या असशील, देवीपुढे डोकं टेकलं असशील. म्हणूनच मला जास्त किळस येते. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं.

मी चिंतामणीमास्तरांकडे गेले. म्हातारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "नर्सबाई, मला समजतंय. पण बापाची आज्ञा आणि वर व्रत. ते मी कसं मोडायला सांगू? माझ्या माथी नको." त्यांनी अळणी भात वाढला आणि स्वतःही त्याच्याबरोबर अळणीच खाल्ला. सोबत म्हणून. लोक सोबतीनं वाटेल ते करतात, वाढत तेवढे नाहीत.

गेले तीन दिवस नंदूला हगवण आहे. आहे तेवढंही अंगी लागत नाही. अशा वेळी डोळे फार झपाट्यानं जातात, मी पाहिलेलं आहे. काजळ मी भिरकावून दिलं. आता नीट ऐक, कारण यापुढे मी मागत बसणार नाही. आश्विन तोंडावर आला आहे. तुझ्या चातुर्मासात आश्विनात दूध सोडतात. त्या एका पेल्यावर पोराचे डोळे टिकले आहेत. दूध तोडू नकोस. प्रभाताईंना कार्ड टाक की नंदूला दूध चालू ठेवा. तुझं नाव असेल तर त्या देतील.

पोराची आई, पद्मजा, असती तर तिनं तुझ्या पोथ्या चुलीत घातल्या असत्या आणि त्यांच्यावर पोराला भाकरी भाजून दिली असती. ती गेली म्हणून तुला एवढं धर्माचरण सुचतं आहे.

यशोदा


सोलापूर, आश्विन शुद्ध ७

यज्ञेश्वर,

तार तुला मिळाली हे कळलं. नवरात्र बसलं आहे, घट उठेपर्यंत पुजाऱ्याला गाव सोडता येत नाही, हेही कळलं. माढ्याहून सोलापूर काही काशी नव्हे, पण असो. घटाला माळ चढवायची असते.

झालेलं सांगते. प्रतिपदेला संध्याकाळी नंदू दुधाला गेला तो रिकाम्या तोंडानं परत आला. मी तशीच प्रभाताईंकडे गेले. त्या दारातच म्हणाल्या, "अहो, आश्विन लागला ना. दूध कसं द्यायचं? तुमच्या भावाचंच पत्र आलं आमच्या यांना, मुलाची व्रतं सांभाळा म्हणून." त्यांना वाईट वाटत होतं. म्हशी मागे रवंथ करत होत्या. चरवीतलं दूध कुणाला जाणार होतं ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी नंदू आलाच नाही. चौथ्या दिवशी मी पाठशाळेत गेले. खोलीत अंधार करून, डोक्यावर पांघरूण घेऊन पडला होता. उजेड सहन होत नव्हता. "आत्या, डोळ्यांत रेती टोचते गं. लई टोचते. दार लाव." पांघरूण काढलं, पापण्या उघडल्या. डावं बुबुळ धुरकट झालं होतं. वर चमक नाही, ओल नाही, जुन्या काचेच्या गोटीसारखं. उजव्याला नुकती सुरुवात होती.

मी तिथून तुला तार केली, आणि उत्तराची वाट पाहिली. ती एक रात्र मी तुझ्या होकारासाठी घालवली याची मला माझीच घाण वाटते.

सकाळी शेजारच्या सुगराबीनं मला ओट्यावर बसलेली पाहिलं. तुला कळायला हवं म्हणून सांगते, तिचा नवरा कासीम टांगा हाकतो, आणि माझ्या घराच्या भिंतीला तिची भिंत लागून आहे. ती म्हणाली, "अगे बहन, बैठी काय कू है? बाप चिठ्ठी लिखेगा तो आँखां आतीं क्या? उठ!" कासीमनं टांगा जोडला. पाठशाळेच्या दारात शास्त्रीबुवा आडवे आले. कासीम त्यांना एवढंच म्हणाला, "महाराज, पोराला मी हात लावत नाही. बाई उचलतील. मी नुसता घोडा हाकतो की." मी उचलला. बारा वर्षांचा मुलगा, मला जड झाला नाही.

आता तो आमच्या दवाखान्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं आहे. दिवसातून तीनदा. कसलं ते विचारू नकोस. बाटलीवरचं नाव इंग्रजी आहे, ते लिहून मी तुझं नवरात्र बिघडवत नाही. डाव्या डोळ्याविषयी बाई काही बोलत नाहीत. उजव्याविषयी म्हणतात, बघू.

घट उठले की ये.

यशोदा


सोलापूर, कार्तिक वद्य ३, रविवार

यज्ञेश्वर,

घट उठले, दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली. तू आला नाहीस, तुझं कार्ड आलं. शनिवारच्या मारुतीभक्तांनी नंदूला मुसलमानाच्या टांग्यात पाहिलं, मग दवाखान्यात चौकशी केली आणि तुला सगळं कळवलं. पोराचा डोळा कसा आहे हे मात्र त्यांनी कळवलेलं दिसत नाही, आणि तुझ्या कार्डातही ते कुठं विचारलेलं नाही. मी कार्ड उलटंही करून बघितलं.

तर आता माझ्या तोंडून ऐक. ते माशाचं तेल होतं. समुद्रातल्या माशाच्या काळजाचं. पिवळं, दाट, आणि वास असा की बाटली उघडली की शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवायची. मी नंदूला पहिला चमचा दिला तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्यानं वास घेतला आणि तोंड घट्ट मिटलं.

"आत्या, हे घाण आहे. कशाचं आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पाठशाळेतल्या पोरानं समुद्रातला मासा कुठं हुंगला असणार? पण शपथ पाळणाऱ्या मुलाला फसवून पाजायचं म्हणजे शुक्रवारच्या बाईचं बोट माझ्याही हाताला होतं असं झालं असतं. मी म्हटलं, "माशाचं."

त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "औषध का जेवण?"

"औषध."

"न घेतलं तर?"

"तर दोन्ही जातील."

त्यानं हातानं चाचपून स्वतःच चमचा धरला, दुसऱ्या हातानं नाक दाबलं आणि प्यायला. मग ओकला. मग म्हणाला, "दे पुन्हा." यज्ञेश्वर, तुझ्या घराण्यात एवढं मोठं व्रत कुणी केलेलं मला माहीत नाही.

सुगराबी कलेजी शिजवून घेऊन आली होती. रातांधळ्या पोरांना तिच्याकडे तेच देतात आणि त्याचा गुण येतो, हे आमच्या डॉक्टरीणबाईही मानतात. नंदू म्हणाला, "ते नको, हे तेल घेतो ना मी." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाटी झाकून परत नेली. कुणी त्याला आग्रह केला नाही. शनिवारवाल्यांनी तसं काही लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

पट्टी सोडली तेव्हा उजवा डोळा ओला होता, चमकत होता. डाव्यात फूल पडलं आहे. पांढरं, मधोमध. ते जन्मभर राहील. श्रावणात तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तर राहिलं नसतं. हे मी रागानं लिहीत नाही, राग केव्हाच संपला. नुसतं तुला ठाऊक असावं.

तू लिहितोस, क्षौर करून, पंचगव्य देऊन त्याची शुद्धी करू, मग त्याला माढ्याला आणून देवीच्या पूजेला बसवू. गोमूत्र चालेल, शेण चालेल, तेही पोटात. बरं. पण तू एक विसरलास. धाकट्या काकांचं बोट रहाटात तुटलं तेव्हा आपल्या वडिलांनी त्यांना गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसवलं. अंगात व्यंग असलेल्यानं मूर्तीला हात लावायचा नाही. मेले तोवर काका बाहेर बसून फुलं निवडत होते, आणि तू आत पूजा करत होतास. नियम तुमचा आहे, मी केलेला नाही. ज्या मुलाला देवीसाठी सोवळा ठेवायचा म्हणून तू आत्याच्या पाण्यापासून जपलंस, त्याला आता तुझीच देवी आत घेणार नाही. तेल प्यायल्याचं प्रायश्चित्त तुझ्या पोथीत आहे. डोळा गेल्याचं आहे का, आणि ते कुणी घ्यायचं, तेवढं बघून ठेव.

नंदू आता माझ्याकडे राहतो. पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेत घालणार आहे. चिंतामणीमास्तर संध्याकाळी येऊन त्याला गणित शिकवतात आणि रोज थोडीफार भाजी घेऊन येतात. प्रभाताईंनी चरवीभर दूध पाठवलं, मी परत केलं नाही. तुला यायचं असेल तर ये. आंघोळीला पाणी तापवून ठेवीन. दार उघडंच असतं, पण ओट्यावरची घागर मात्र मी जागची हलवली नाही, बघून पाय टाक.

खालच्या ओळी त्याच्या आहेत. मी सांगितलेल्या नाहीत.

यशोदा


तीर्थरूप बाबांस नंदूचा साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड आत्यानं मला वाचून दाखवलं नाही. ते मीच वाचलं, दिवे लागल्यावर, कंदिलाजवळ बसून. तुमचं अक्षर बारीक आहे, तरी सगळं लागलं.

मी शपथ मोडली. आत्यानं मोडायला लावली नाही. मीच तिच्या चुलीपुढं जाऊन बसलो आणि भाकरी मागितली. शुद्धीला मी येत नाही. तुम्ही आलात तर मी माझं सगळं पाठ म्हणून दाखवीन, ते विसरलो नाही.

आज रविवार आहे. मी जेवलो.